शिलंगणाला कोण गेले?

खंडेनवमीच्या सकाळी देव्हाऱ्यासमोर पाट मांडला जातो आणि त्यावर त्या घराच्या पोटापाण्याची साधने येऊन बसतात. सुताराच्या घरी रंधा आणि करवत, गवंड्याच्या घरी थापी आणि ओळंबा, शिंप्याच्या घरी नुकते तेल घातलेले यंत्र आणि कात्री. शेतकऱ्याचा विळा, खुरपे, कोयता पाटावर मावतात. नांगराला अंगणातच हळदकुंकू लागते. रिक्षाला, टेंपोला, आगारातल्या एसटीला झेंडूच्या माळा पडतात. वर्षभर ज्यांनी आपल्याला पोसले त्यांना एक दिवस आपण बसवतो आणि त्यांच्यापुढे हात जोडतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पाटीवर एक्या-एक्यांची सरस्वती उमटते, वह्या-पुस्तके पूजेत जातात, आणि एकदा पूजेत गेलेल्या पुस्तकाला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे घरातल्या लहानग्याला कुणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. साधनालाही विसावा असतो, ही समजूत आपल्याकडे अशी नकळत रक्तात उतरत आली आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी पुष्कळांच्या पाटावर एक नवे साधन आले आहे. मिटलेल्या पुस्तकासारखे दिसणारे, चपटे, थंड. त्याच्या पाठीवर कुंकवाचे बोट उमटते, अक्षता पडतात, झेंडूचे एक फूल घसरून खाली येते आणि पुन्हा वर ठेवले जाते. दुपारी दीडच्या सुमारास नैवेद्याचे ताट उतरते न उतरते तोच घरातल्या मुलाचा फोन थरथरतो. लंडनमध्ये त्या वेळी सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि तिकडे आज सण नसतो. मग तो लॅपटॉप पाटावरून उचलला जातो, कुंकू तसेच असते, फूल तेवढे पाटावर राहते, आणि आतल्या खोलीचे दार लोटले जाते. घरात कुणी काही बोलत नाही. पुरणाची पोळी झाकून ठेवली जाते. हे दृश्य आता इतक्या घरांत इतक्या वेळा घडते की ते नवे आहे, हेही आपल्या ध्यानात राहत नाही.

दसरा हा सीमोल्लंघनाचा दिवस. गावाकडे याला शिलंगण म्हणतात. पाऊस ओसरलेला असे, नद्यांना उतार आलेला असे, खरिपाचे धान्य घरात येऊ लागलेले असे, आणि मग चार महिने शेतात राबलेला माणूस मोहिमेसाठी वेशीबाहेर पडे. आज मोहिमा राहिल्या नाहीत, तरी सारा गाव तिसऱ्या प्रहरी वेस ओलांडतो, शमीची पूजा करतो, आपट्याची पाने घेऊन येतो. या रिवाजाचे एक अंग आपण फारसे बोलून दाखवत नाही. शिलंगण बाहेर जाण्याने पुरे होत नसते. गेलेला माणूस दिवेलागणीला परत येतो, उंबऱ्याशी त्याच्या पायावर पाणी घातले जाते, निरांजनाने त्याला ओवाळले जाते, मगच तो घरात येऊन थोरांच्या हाती सोने देतो. जाणे आणि येणे असा दोहोंचा मिळून तो सण आहे. यंदा सोने वाटताना आपण ज्या एका गोष्टीशी थबकावे असे वाटते ती हीच. आज काम वेस ओलांडते आहे. नद्या, समुद्र, खंड ओलांडते आहे. माणूस मात्र घरातच आहे. आणि जो गेलाच नाही, त्याने परत यायचे कसे?

घर आणि काम एका छपराखाली असणे आपल्याला मुळीच नवे नाही. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरांत माग घरातच असतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पलीकडे चूल पेटलेली असते. कुंभाराचे चाक, लोहाराचा भाता, सोनाराची शेगडी ही सारी घराच्याच अंगाखांद्यावर वाढली. घरापासून काम तोडले ते गिरणीने. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया पडला आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातला, घाटावरचा माणूस त्या भोंग्याच्या दिशेने चालू लागला. काम मुंबईत, घर गावात. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, एरवी त्याची मनीऑर्डर यायची. गिरणगावातल्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पुरुषांनी आणि गावाकडे त्यांची वाट पाहणाऱ्या बायकांनी या व्यवस्थेची किंमत मोजली. जिथे काम तिथे माणूस, असा श्रमाच्या बाजाराचा तेव्हापासून नियम झाला. गिरण्या गेल्या तरी तो नियम गेला नाही. आपली मुले आधी पुण्याला, मग बंगळुरूला, मग न्यू जर्सीला आणि कॅलिफोर्नियाला गेली ती त्याच नियमाने.

या नियमाला तडा जाईल असे सांगणारा माणूस पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेला. १९७३ साल. अरबांनी तेल रोखले होते, अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या. लॉस एंजलिसमध्ये जॅक नाइल्स हा अवकाश-संशोधनातून आलेला अभियंता विचारत होता की रोज सकाळी लाखो माणसांना मोटारींतून कामाकडे न्यायचे कशासाठी, तारेवरून कामच माणसाकडे का आणू नये. 'टेलिकम्यूटिंग' हा शब्द त्याने तेव्हा रूढ केला. यंत्रे तयार नव्हती, आणि साहेब लोकांची मनेही नव्हती. पण कामाची वाट मात्र हळूहळू पडत होती. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडले आणि तिथले काम उपग्रहाच्या दुव्यावरून अमेरिकेला जाऊ लागले. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सची सरकारी संस्था उभी राहिली, पुण्यासारख्या शहरांना परदेशी कामाची थेट वाट मिळाली. काम आले, पण ते कंपनीच्या इमारतीपर्यंत आले. इमारतीपासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर २०२० च्या मार्चमध्ये, २४ तारखेच्या रात्री, करोनाच्या टाळेबंदीने एका दमात तोडले गेले. त्या आठवड्यात हिंजवडीच्या चकाचक इमारतींतून संगणक गाड्यांत घालून घरोघर पोहोचवले जात होते. कुणी ते घेऊन साताऱ्याला गेले, कुणी चिपळूणला. कोकणात रेंज मिळेना म्हणून मुले सड्यावर जाऊन बसली. जे पन्नास वर्षे अशक्य म्हटले जात होते ते पंधरा दिवसांत चालू झाले, आणि साथ ओसरली तरी पूर्वीच्या जागी परतले नाही.

आज जगाच्या श्रमबाजाराकडे पाहिले तर या एका बदलाची सावली सर्वत्र दिसते. संगणकावरून, प्लॅटफॉर्मच्या मध्यस्थीने, तुकड्यातुकड्याने काम करणारी माणसे जगभरात किती, याचा अंदाज जागतिक बँकेने २०२३ मध्ये मांडला. तो १५ कोटी ४० लाखांपासून ४३ कोटी ५० लाखांपर्यंत जातो. अंदाजाच्या दोन टोकांमध्येच एवढे अंतर आहे की त्यात कित्येक देशांची अख्खी लोकसंख्या मावेल. ही माणसे मोजलीच जात नाहीत, हे त्या अंतराने आपल्याला सांगितले आहे. अशा कामाला माणसे पुरवणाऱ्या देशांत आपला देश आघाडीवर आहे. सांगलीतल्या गल्लीत बसलेली मुलगी सिडनीच्या दुकानदाराची हिशेबवही लिहिते, तेव्हा तिची स्पर्धा शेजारच्या कॉलेजातल्या मुलीशी नसते, ती मनिलातल्या आणि नैरोबीतल्या मुलीशी असते. तिघींनी एकमेकींना कधी पाहिलेले नसते. तिघींनाही ठाऊक असते की दुसरी कुणीतरी थोड्या कमी दरात हो म्हणेल.

यात मिळाले काय, तेही मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या कितीतरी जणी पुन्हा कमावत्या झाल्या. जिना चढणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासमोरचा जिना नाहीसा झाला. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ राहायचे की पगार घ्यायचा, या पेचातून अनेकांची सुटका झाली. आपल्यापैकी ज्यांनी असे एखादे वर्ष आईच्या उशाशी बसून काढले असेल, त्यांना या बदलाविषयी कुणी वाईट बोललेले सहन होणार नाही, आणि ते रास्तच आहे. गिरणीने नेलेली माणसे संगणकाने घरी आणली, हे खरेच आहे.

पण घरी आलेला माणूस घरात असतो का? याचा एक जुना पडताळा शांघायमध्ये घेतला गेला होता, महासाथीच्या कितीतरी आधी. सीट्रिप या प्रवास-कंपनीने २०१० च्या अखेरीस आपल्या फोन-केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना विचारले, घरून काम कोणाला हवे? पाचशेच्या आसपास माणसे पुढे आली. त्यांतल्या पात्र ठरलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम आकड्याची होती त्यांना आठवड्यातले चार दिवस घरी पाठवले, विषम तारखांचे कचेरीत राहिले. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने हिशेब ठेवला. घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. कंपनीच्या दृष्टीने याहून चांगले उत्तर नव्हते. पण त्या कागदांत आणखी दोन गोष्टी आहेत. घरून काम करणाऱ्यांच्या वाट्याला त्यांच्या कामगिरीच्या मानाने बढत्या कमी आल्या. जो डोळ्यांसमोर नाही तो मनातूनही उतरतो. आणि नऊ महिन्यांनी पुन्हा निवड करायची मुभा मिळाली तेव्हा, हौसेने घरी गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे कचेरीत परतले. एकटेपणा सोसवेना, असे अनेकांनी सांगितले. काम वाढले होते, वेळ वाचला होता, आणि तरीही माणसे माणसांकडे परत आली. त्याच कंपनीत दहा वर्षांनी दोन दिवस घर आणि तीन दिवस कचेरी अशी वाटणी करून पाहिली गेली, तिचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी बढत्या घटल्या नाहीत, कामही घटले नाही, आणि सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले. जाणे आणि येणे दोन्ही शाबूत राहिले की माणूस टिकतो, एवढे तरी यातून आपण घ्यायला हरकत नाही.

घरून काम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आता लॅपटॉप येतो. पण या महाराष्ट्रात एक शहर आहे जिथे पिढ्यान्‌पिढ्या हजारो बायका घरूनच काम करत आल्या आहेत, आणि त्यांना कुणी कधी वर्क फ्रॉम होम म्हटले नाही. सोलापुरात, त्यातही तेलुगू बोलणाऱ्या विणकर वस्त्यांत, सकाळी दारादारांत सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई दिसते. तेंदूची भिजवलेली पाने मापाने कातरायची, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, टोक मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या झाल्या की कारखान्याच्या शाखेत नेऊन द्यायच्या. तिथे त्या पाहिल्या जातात, काही बाजूला काढल्या जातात, बाजूला काढलेल्यांचे पैसे मिळत नाहीत. दुसऱ्या दिवसाचे पान आणि तंबाखू घेऊन बाई घरी परतते, आणि चूल, पाणी, पोरे यांच्यामधून पुन्हा तेच. घर सांभाळून चार पैसे मिळतात, असे तिला सांगितले गेले होते. आजही घरून काम करणाऱ्या मुलीला हेच शब्द सांगितले जातात, आणि ते दोघींच्याही बाबतीत खरे आहेत, आणि दोघींच्याही दिवसाचे तास त्या शब्दांनीच कुणाला न दिसता लांबवले आहेत.

या बायकांची गोष्ट इथे सविस्तर सांगायचे कारण असे की जगाला जे प्रश्न २०२० नंतर पडले ते त्यांना कधीच पडले होते, आणि त्यांनी त्यांतल्या काहींची उत्तरे झगडून मिळवली होती. विडी कारखानदारांचे म्हणणे सोपे होते. या आमच्या कामगारच नव्हेत. त्या आपल्या घरी बसतात, हव्या त्या वेळी वळतात, आम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवायला जात नाही. मग भविष्यनिर्वाह निधी कसला आणि रजा कसली? १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने हे मानले नाही. कच्चा माल घरी नेऊन विडी वळणाऱ्या व्यक्तीला त्या कायद्याने कामगार म्हटले. पुढे ऐंशीच्या दशकात पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भविष्यनिर्वाह निधीचाही हक्क या घरी बसणाऱ्या कामगारांना आहे असे ठरवले, आणि त्यामागची कारणमीमांसा आज वाचताना थक्क व्हायला होते. मालक कामगाराच्या डोक्याशी उभा नसेल. पण तयार माल पारखून तो नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याची देखरेख आणि हुकमत त्या कामावर आहेच. आज परदेशी प्लॅटफॉर्मवर काम देणारा मुलीच्या कामाला तारे देतो, पसंत न पडलेले काम परत फिरवतो, खाते बंद करतो, आणि वर म्हणतो की तू स्वतंत्र आहेस, आमची नोकर नाहीस. सोलापूरच्या शाखेत बाजूला काढलेल्या विड्या आणि पडद्यावर उमटलेले ते दोन तारे यांत आपल्याला फरक करता येईल का?

जगाला हे उमगायला वेळ लागला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला तो १९९६ मध्ये, म्हणजे आपल्या विडी कायद्यानंतर तीस वर्षांनी. त्याला मान्यता देणारे देश फार थोडे आहेत, आणि खेदाची गोष्ट ही की त्यांत भारत नाही. त्याच संघटनेने महासाथीच्या आधीच्या काळाचा हिशेब मांडला तेव्हा जगात घरून काम करणारी माणसे २६ कोटी निघाली, आणि त्यांत १४ कोटी ७० लाख बायका. संगणकवाले त्यातला लहानसा भाग होते. उरलेल्यांत शिवणारे, विणणारे, वळणारे, उदबत्त्या करणारे हात होते. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गृहाधारित कामगार, गिग कामगार, प्लॅटफॉर्म कामगार अशा व्याख्या आल्या आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती संहिता लागू झाली. व्याख्या होणे ही पहिली पायरी असते आणि तिचे स्वागतच करायला हवे. पण जिचा काम देणारा दुसऱ्या खंडात आहे आणि जिचा दर तिसऱ्याच देशातली कंपनी ठरवते, तिने दाद मागायची कोणाच्या दारात? कायद्याचा पाय अजून वेशीच्या आत आहे. त्याचे शिलंगण व्हायचे आहे.

आणि वेळेचा प्रश्न तर आपल्या मातीने फार पूर्वी हाताळला आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि गिरण्यांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी यासाठी वर्षानुवर्षे अर्ज, सभा, सह्या यांचा पाठपुरावा केला. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार. ज्या बहुजन समाजातून गिरणीत माणसे आली होती त्यांच्या कुलदैवताचा दिवस. आज रविवार आपल्याला पंचांगातल्या तिथीइतका आपोआप आलेला वाटतो. तो कुणीतरी मागून, भांडून, मिळवून दिलेला आहे, हे दर रविवारी आठवावे असे मुळीच नाही, पण दसऱ्याला तरी आठवावे. महात्मा फुल्यांच्या त्या सहकाऱ्याने काळाला वेस घातली. इथपर्यंत मालकाचे, इथून पुढे माझे.

ती वेस आता पुन्हा आखावी लागते आहे. फ्रान्सने २०१७ च्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. पोर्तुगालने २०२१ मध्ये मालकालाच बजावले की विश्रांतीच्या वेळी कर्मचाऱ्याशी संपर्क साधायचा नाही. ऑस्ट्रेलियात असा हक्क २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते, महासाथ कुणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हा. खासगी विधेयकांचे सहसा कायदे होत नाहीत. तरीही एका मराठी खासदाराने तो विषय त्या सभागृहात नेला, हे लोखंड्यांच्या वाटेवरचेच पाऊल आहे असे आपण समजू.

ज्यांचे काम घरी आलेच नाही, त्यांच्याकडेही या निमित्ताने वळून पाहायला हवे. शिकागोच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, डिंगेल आणि नायमन यांनी, २०२० मध्ये हिशेब केला की अमेरिकेतली ३७ टक्के कामे संपूर्णपणे घरून होऊ शकतात. गरीब देशांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे बहुतेकांना वेस ओलांडावीच लागते. आणि कचेऱ्या रिकाम्या झाल्या तेव्हा त्यांच्या सावलीत जगणाऱ्यांचे काय झाले? मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून घरचे अन्न कचेरीत पोहोचवत आले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची ही माणसे. कचेरीच घरात येऊन बसली आणि त्यांच्या डब्याला जायला ठिकाण उरले नाही. पुष्कळ जण गावी शेतीला लागले. पूर्वीइतके पांढऱ्या टोपीचे लोक आता चर्चगेटला उतरताना दिसत नाहीत. हिंजवडीच्या वळणावरच्या चहाच्या टपऱ्या, खाणावळी, कंपनीच्या बसचे चालक, रात्रपाळीचे रखवालदार यांनी ती दोन वर्षे कशी काढली याची नोंद कुठल्याच उत्पादकतेच्या तक्त्यात नाही. गोव्यात उलट झाले. लॅपटॉप घेऊन माणसे आसगाव-शिवोलीला राहायला आली आणि तिथल्या तरुण जोडप्यांना आपल्याच गावात भाड्याचे घर परवडेनासे झाले. लिस्बनकरांचीही अशीच तक्रार आहे. काम हलके होऊन हवेत तरंगू लागले तरी त्याचा भार कुठेतरी जमिनीवर पडतोच.

मग आपण करायचे काय? कायदा करणारे कायदा करतील, त्यासाठी आवाज उठवणे हे आपले काम आहेच. जी मुले एकेकटी आपापल्या खोल्यांत बसून जगाशी दराची घासाघीस करतात, त्यांनी एकमेकांना शोधायला हवे; विडीच्या बायकांना निदान शाखेच्या रांगेत शेजारीण भेटत होती, आणि त्या रांगेतच त्यांची संघटना जन्मली. शाळा-कॉलेजांनी मुलांना परदेशी काम मिळवायला शिकवताना करार वाचायलाही शिकवावे. पण काही गोष्टी आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आतल्या आहेत, आणि त्या आपल्यावाचून कुणी करणार नाही. सून आतल्या खोलीत दार लावून बसली आहे म्हणजे ती घरी आहे असे धरून तिच्याकडे दुधाचे पातेले सोपवायचे नाही. मुलगा दिवसभर समोर आहे म्हणून त्याने आपल्याशी बोललेच असे मानायचे नाही. काम संपवून तो त्या खोलीतून बाहेर येतो तेव्हा ते दहा पावलांचे अंतर मोठे असते. सातासमुद्रापलीकडून माणूस आलेला असतो. गिरणीतून आलेल्या नवऱ्याला तांब्याभर पाणी देण्याची, बाहेरून आलेल्याला आधी बसू देण्याची, मगच घरातली कटकट सांगण्याची जी रीत आपल्या आज्यांनी पाळली, ती या दहा पावलांनाही लागू करता येईल. पुरुषांनाही ती तितकीच लागू आहे, कारण आता त्या खोलीतून बाहेर येणारी पुष्कळदा घरातली बाई असते.

आज संध्याकाळी आपण आपट्याची पाने घेऊन एकमेकांच्या घरी जाऊ. दूरदेशीच्यांना फोनवरून सोने देऊ. काही घरांत त्याच वेळी आतल्या खोलीतून इंग्रजी बोलणे ऐकू येत असेल. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसात होतात, आणि तिकडची पहिली मीटिंग आपल्या दिवेलागणीवर येऊन बसते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे सरकतील. मग ती मीटिंग साडेआठला जाईल. रात्र तेवढीच लांबेल, हे खरे. पण मार्चपर्यंत रोज साडेसातला त्या खोलीचे दार उघडे असेल, देवापुढे निरांजन लागलेले असेल, आणि पाटावर कुणीतरी बसलेले असेल.